एचटी घ्यावी की एलटी? दोन राजदूत ३५० उघडून पाहताना

राजदूत ३५० ही जुनी मोटरसायकल शोधायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: एचटी आहे का? विकणाराही सुरुवात त्याच दोन अक्षरांनी करतो. नागपुरात थंडीच्या दिवसांत आमच्यासमोर एकाच आठवड्यात दोन गाड्या आल्या. एक १९८४ची, मालकाच्या सांगण्याप्रमाणे एचटी, मानेवाड्याकडे पत्र्याच्या शेडखाली सात वर्षं उभी. दुसरी १९८८ची एलटी, धरमपेठेतली, महिन्यातून एकदा का होईना रस्त्यावर निघणारी. एचटीची किंमत एलटीपेक्षा ऐंशी हजारांनी जास्त सांगितली होती. त्या ऐंशी हजारांत नेमकं काय मिळतं हे शोधायला दोन्ही गाड्यांवर मिळून अकरा दिवस गेले. काय तपासलं, कशाने मोजलं आणि काय निघालं, त्याची ही नोंद.

आधी या दोन अक्षरांचा हिशेब. यामाहाची आरडी ३५० बाजारात आली १९७३मध्ये. एस्कॉर्ट्सने परवाना घेऊन १९८३पासून ती राजदूत ३५० या नावाने भारतात आणली. हवेवर थंड होणारं, दोन सिलिंडरांचं टू-स्ट्रोक इंजिन. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी, एकूण ३४७ सीसी. रीड व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पात्या, आणि सहा गिअर. मूळ यामाहा ३९ अश्वशक्तीची होती, इथली सुरुवातीची गाडी ३०.५ची. तीच हाय टॉर्क, म्हणजे एचटी. १९८५च्या सुमारास दम आणखी उतरवून २७ अश्वशक्तीची लो टॉर्क आली. पेट्रोलचा खर्च कमी व्हावा आणि जपानहून येणारे सुटे भाग कमी लागावेत, असा तो बदल होता. एलटीच्या ब्लॉकमधला, म्हणजे सिलिंडरच्या ओतीव भागातला, एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायची खिडकी) लहान आणि सायलेन्सरमधली वाट अरुंद. यामाहाचा पुढचा डिस्क ब्रेक मात्र दोन्हींना नाही, पुढेही ड्रमच.

म्हणजे एचटीपण जे काही आहे ते मुख्यतः ब्लॉक आणि सायलेन्सरमध्ये आहे, आणि हे दोन्ही भाग पान्याने सुटतात. चाळीस वर्षांत कोणत्या गाडीचा ब्लॉक कोणत्या गाडीवर गेला याची नोंद कुणीच ठेवलेली नाही. टाकीवरचं स्टिकर, आरसीवरचं साल, मालकाचा शब्द, यांतलं काहीही इंजिनाच्या आत काय आहे ते सांगत नाही. आत काय आहे ते आतच पाहावं लागतं.

तरी इंजिनाआधी कागद पाहिले, कारण कागद बिघडलेले असतील तर इंजिन कितीही सुंदर असून उपयोग नाही. इंजिन नंबर क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या पेटीवर) आणि चेसिस नंबर स्टिअरिंगच्या नळीवर ठोकलेला असतो. दोन्ही जागा केरोसिनने धुऊन, ब्रशने घासून कोरड्या केल्या आणि पातळ कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घेतला. नुसत्या डोळ्यांनी वाचू नये. रंगाच्या थराखाली ३चा ८ दिसतो. प्रिंटवर आणखी एक गोष्ट उमटते: नंबर घासून पुन्हा ठोकलेला असेल तर आकडे एका ओळीत बसत नाहीत आणि भोवतालच्या धातूवर ग्राइंडरच्या बारीक रेषा दिसतात. दोन्ही गाड्यांचे नंबर आरसी बुकाशी जुळले. एचटीचं नूतनीकरण मात्र दोन खेपा राहिलेलं. १५ वर्षं झाल्यावर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि २० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीसाठी ऑगस्ट २०२५पासून त्याची फी २,००० रुपये आहे. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा. शिवाय जुन्या तीन अक्षरी नंबराच्या गाड्यांची नोंद पुष्कळदा संगणकावर चढलेलीच नसते. ती चढवून घ्यायला मूळ आरसी बुक घेऊन गाडीच्या मूळ आरटीओत जावं लागतं; आमच्या बाबतीत ते गिरीपेठचं कार्यालय. हे काम पैसे देण्याआधी, विकणाऱ्यालाच करायला लावावं.

काही जण सांगतात, विंटेजमध्ये नोंदवून टाका. तो मार्ग आज बंद आहे. २०२१च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेलीच गाडी विंटेज धरतात. राजदूत ३५० सगळ्यात लवकर २०३३मध्ये तिथे पोचेल, आणि तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरात काढताही येत नाही.

पहिली इंजिनाची तपासणी थंड गाडीवर. आम्ही जाण्याआधी मालकाने गाडी चालू करून ठेवू नये, असं फोनवरच सांगितलं होतं, तरीही हात लावून खात्री केली. गिअर ऑइलचा बोल्ट काढून थोडं तेल वाटीत घेतलं. गिअरबॉक्समध्ये साधारण १.६ लिटर तेल बसतं. एलटीचं तेल काळपट पण एकसारखं. एचटीचं दुधाळ, म्हणजे त्यात ओल गेलेली. सात वर्षं शेडखाली उभ्या गाडीत पावसाळ्यात हे होतंच. त्यावरून गाडी बाद करू नये, पण बेअरिंगवर गंज असणार हे धरून चालावं.

मग कॉम्प्रेशन. दोन्ही प्लग काढायचे, गेज एका भोकात घट्ट बसवायचं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारायच्या. अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून घेतलेला आकडा खोटा, कारण हवाच आत येत नाही. आकडा किती यापेक्षा दोन्ही बाजूंत फरक किती हे आम्ही पाहतो. तो १० टक्क्यांच्या आत हवा. एलटी डावीकडे ११८ आणि उजवीकडे ११४ पीएसआय. एचटी डावीकडे ११२, उजवीकडे ९६. इथेच शंका आली की एचटीचे दोन ब्लॉक एका जोडीचे नसावेत.

यानंतरची तपासणी टू-स्ट्रोक गाडीत सगळ्यात महत्त्वाची, आणि जुनी गाडी घेणारे बहुतेक लोक ती करतच नाहीत. टू-स्ट्रोकची क्रँककेस हा हवेचा पंप असतो. त्याला कुठेही गळती असेल तर ठरलेल्या मिश्रणात बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन सीज होतो, ब्लॉकमध्येच अडकून बसतो. आणि गळकं इंजिनही किकवर सुरू होतं, आवाजही छान देतं. आवाजावर गाडी घेणारे इथे फसतात.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. घड्याळाच्या डायलचं, हाताने फुगवायचं जुनं बीपीचं यंत्र पुरतं. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, आणि ३०० मिमी पारा म्हणजे जवळपास ६ पीएसआय, नेमका या तपासणीला लागतो तेवढाच दाब. दोन्ही कार्ब्युरेटर आणि दोन्ही बेंड पाइप काढले. एक्झॉस्टच्या दोन्ही तोंडांवर ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर ४ मिमी पत्र्याची पट्टी ठेवून मूळ बोल्टनीच आवळली. एका मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटर बसतो त्या नळीत) रबराचं बूच. दुसऱ्यातल्या बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून त्याला बीपीची नळी जोडली. प्लग जागेवरच. दोन्ही बाजू एकदम बंद करायच्या, कारण क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या शाफ्टच्या) मधोमध रबरी सील नसतं, खाचांचं धातूचं सील असतं, आणि त्यातून हवा या बाजूची त्या बाजूला सरकते. एकच बाजू बंद केली तर चांगलं इंजिनही गळकं दिसेल.

काटा २८० वर नेऊन पाच मिनिटं सोडला. मिनिटाला ५० पर्यंत घसरण चालवून घेतात. आम्ही यापेक्षा कडक असतो. एलटी पाच मिनिटांत २८०वरून २३५वर आली. साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो तेव्हा डाव्या ब्लॉकच्या खालच्या गॅस्केटशी मोहरीएवढे बुडबुडे. गॅस्केट बदलून सुटणारी गोष्ट.

एचटीचा काटा एका मिनिटात १००च्या खाली. डावं कव्हर आधीच काढून ठेवलं होतं. रोटरच्या मागे पाणी लावताच सीलच्या कडेने बारीक फेस उठला आणि वाढत गेला. डाव्या बाजूला डायनॅमो आणि पॉइंट (प्लगची ठिणगी सोडणारे स्विच) असतात, तिथे तेल नसतं, सील कोरडं राहतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की सीलची रबरी ओठ कडक होते, शाफ्टला चिकटते आणि पहिल्या किकला फाटते. हे सील गेलं की डावा पिस्टन हवा ओढतो आणि सीज होतो. उजवीकडे क्लच, म्हणजे तिथलं सील गिअर ऑइलमध्ये बुडालेलं. ते गेलं तर लक्षण उलटं: उजव्या सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर आणि गिअर ऑइल आपोआप कमी होत जाणं. उजव्या सीलची गळती बाहेरून दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑइलचं झाकण काढून त्या तोंडावर साबणाचा पापुद्रा धरायचा. हवा गिअरबॉक्समध्ये जात असेल तर पापुद्रा फुगतो. एचटीवर तोही फुगला, हळूहळू.

आता वरचं इंजिन उघडायचं ठरलं. एलटीच्या मालकांनी लगेच हो म्हटलं. एचटीच्या काकांना मनवावं लागलं: गॅस्केट आमच्या खर्चाने, पिस्टनच्या रिंगा जशा होत्या तशा, आणि सौदा न झाल्यास गाडी जोडून चालू करून देणार. असा करार तोंडी का होईना स्पष्ट करावा. उघडू न देणाऱ्याची गाडी वाईटच असते असं नाही, पण मग तिची किंमत क्रँक आणि ब्लॉक दोन्ही गेलेले धरूनच लावावी.

उघडण्याचं काम आम्ही मोमिनपुऱ्यातल्या ज्या मिस्त्रींकडून करून घेतलं, त्या चाचांच्या हातून ही गाडी नवी होती तेव्हापासून राजदूत गेल्या आहेत. एचटीचा उजवा ब्लॉक उचलता उचलताच ते म्हणाले, "भाऊ, हे दोघे सख्खे नाहीत." त्यांनी नुसतं पोर्टमध्ये बोट फिरवलं होतं. आम्ही कागदावर पाहिलं.

ती रीत अशी. जाडसर पण लवचीक कागद, कॅलेंडरचं पान चालतं, ब्लॉकच्या आत गुंडाळून बसवायचा, वरची कड ब्लॉकच्या वरच्या पातळीला लावायची, आणि तेलाचं बोट प्रत्येक पोर्टच्या कडेवरून फिरवायचं. कागदावर प्रत्येक पोर्टची खिडकी उमटते. कागद काढून सपाट केला की त्या ब्लॉकचा नकाशा हातात येतो: एक्झॉस्टची रुंदी, वरच्या कडेपासूनचं अंतर, सगळं व्हर्निअरने मोजता येतं. चारही ब्लॉकांचे असे चार कागद काढले. एलटीचे दोन एकमेकांवर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरले तर खिडक्या रेषेवर रेष. एचटीचे दोन ठेवले तर डाव्या कागदावरची एक्झॉस्टची खिडकी उजव्यापेक्षा दोन्ही कडांना बाहेर. आणि तो उजवा कागद एलटीच्या उजव्या कागदावर ठेवला, तो हुबेहूब बसला. ज्या गाडीसाठी ऐंशी हजार जास्त मागितले होते तिचा एक ब्लॉक एचटीचा होता, दुसरा एलटीचा. अशा गाडीचे दोन सिलिंडर एकसारखे कधीच ओढत नाहीत. कार्ब्युरेटर कितीही जुळवले तरी एक बाजू भरलेली आणि दुसरी पातळ राहते.

याच्या उलटही घडतं. एलटीचा पोर्ट ग्राइंडरने रुंद करून एचटी म्हणून विकलेले ब्लॉक आम्ही पाहिले आहेत. ओळखायची खूण म्हणजे पोर्टची कड. कारखान्यातली कड एकसारखी आणि किंचित उतार दिलेली असते. हाताने घासलेली कड नखाला खरखरीत लागते, आणि डाव्या-उजव्या कोपऱ्यांची गोलाई जुळत नाही. अशा कडेत रिंग अडकते, तिचा तुकडा पडतो आणि तो तुकडा पिस्टनचा माथा फोडून बाहेर जातो.

बोअर मोजताना डायल बोअर गेजने वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजलं, म्हणजे एका ब्लॉकचे सहा आकडे. मूळ बोअर ६४.०० मिमी, पुढे पिस्टन मिळतात ते ०.२५च्या पायऱ्यांनी, ६४.२५, ६४.५०, ६४.७५ आणि शेवटचा ६५.००. एलटी ६४.२५वर होती आणि सर्वांत जास्त झीज वरच्या भागात ०.०७ मिमी. म्हणजे आता ६४.५० करायचा, आणि त्यानंतरही दोन पायऱ्या हातात. एचटीचे दोन्ही ब्लॉक ६५.००वर, आणि तेही झिजलेले. पुढची पायरीच नाही. जुनं लायनर (ब्लॉकच्या आतली लोखंडी नळी) काढून नवं ठोकायचं, त्यात पोर्टच्या खिडक्या पुन्हा कापायच्या, आणि त्या कापताना मूळ पोर्टशी केसभरही फरक पडू द्यायचा नाही. हे नीट करून देणारी माणसं थोडी आहेत, आणि काम नीट झालं नाही तर तो ब्लॉक एचटीचाही राहत नाही आणि एलटीचाही नाही.

पिस्टन बघताना खुणांच्या जागा वाचाव्यात. चारही कोपऱ्यांवर उभ्या रेषा असतील तर गाडी थंड असतानाच ताणली गेली: पिस्टन लवकर फुगला, ब्लॉक अजून गरम झालेला नव्हता. खुणा फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर तेल कमी पडलं किंवा मिश्रण पातळ झालं. एचटीच्या डाव्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला बोटभर रुंद पट्टा होता, बारीक कागदाने घासून लपवलेला. डाव्या सीलची गोष्ट त्या पट्ट्याने पुन्हा एकदा सांगितली.

क्रँक केस न उघडता जितकी तपासता येते तितकी तपासली. ब्लॉक निघालेला असल्यामुळे कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक हातात येतं. ते आडवं हलवून पाहायचं, आणि डायल गेजने मोजायचं: ०.८ ते १.० मिमी हललं तर ठीक, २ मिमीच्या पुढे गेलं तर खालचं बेअरिंग संपलं. वर-खाली मात्र अजिबात हलता कामा नये. एलटी १.१ आणि १.०. एचटी डावा २.३, उजवा १.७. क्रँक दाबून जोडलेली असते. नवे रॉड, पिन आणि बेअरिंग घालायला ती हायड्रॉलिक प्रेसवर सोडावी लागते आणि जोडताना शाफ्टचा हेलकावा ०.०३ मिमीच्या आत आणावा लागतो. हिंगणा एमआयडीसीत प्रेस खूप आहेत, पण चार चकत्यांची ही क्रँक हातोडीने सरळ करत बसायला धीर लागतो. टॉर्चने आत पाहताना एचटीच्या एका पिनच्या कडेला वेल्डिंगचे ठिपके दिसले. कुणीतरी सैल झालेली पिन अशी धरून ठेवली होती. ठिपके दिसले की ती क्रँक पुन्हा जोडण्याच्या लायकीची नाही असं आम्ही धरतो, आणि दुसरी क्रँक शोधणं हे या गाडीतलं सगळ्यात अवघड काम.

ऑइल पंपावर लोक फार अन्याय करतात. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला जोडलेला हा पंप गरजेप्रमाणे टूटी ऑइल (टू-स्ट्रोकचं तेल) देतो, आणि नीट लावलेला असेल तर माणसाच्या अंदाजापेक्षा चांगलं देतो. एचटीचा पंप काढून तिथे पट्टी मारलेली होती आणि तेल पेट्रोलमध्ये मिसळून चाललेलं. तसंही चालतं, लिटरला ४० मिली म्हणजे २५ला १ हे प्रमाण धरून, पण मग पंपावर पुन्हा जायचं तर पंप, नळ्या, केबल सगळंच शोधावं लागतं. एलटीचा पंप जागेवर होता. चालू गाडीत नळी काढून तेल येतं का पाहिलं, पुलीवरची खूण अ‍ॅक्सिलरेटर उघडताना खुणेला येते का पाहिलं, आणि पंपाचा किमान स्ट्रोक फिलर गेजने मोजला: ०.२० ते ०.२५ मिमी हवा. तो ०.१५ निघाला. शिम (पातळ चकत्या) काढून-घालून हे अर्ध्या तासात बसतं.

पॉइंट, कॉइल, वायरिंग यांवर किंमत ठरवू नये. हे सगळं बदलता येतं. फक्त एवढं, की या गाडीला दोन पॉइंट आहेत आणि दोन्ही बाजूंचं टायमिंग वेगवेगळं लावायचं असतं. पॉइंटचा गॅप ०.३० ते ०.४० मिमी, मग प्लगच्या भोकात डायल गेज घालून पिस्टन माथ्यापासून मोजून. यामाहाच्या मूळ गाडीचा आकडा २.० मिमी आहे. स्ट्रोबच्या उजेडाने अंदाजे लावणाऱ्यांच्या हातून पिस्टनला भोक पडलेलं आम्ही पाहिलं आहे.

पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू पुढून चावणारे असतात, आणि त्यांच्यामधल्या दांडीची लांबी चुकली तर एकच शू काम करतो. चाक उचलून फिरवत, दांडी लहान-मोठी करत दोन्ही शू एका क्षणी टेकतात ती जागा शोधायची. ब्रेक लीव्हर दाबताना हाताला धडधड जाणवली तर ड्रम अंडाकृती झालेला. तो लेथवर घासता येतो, पण थोडाच. एलटीचा ड्रम गोल होता.

दोन्ही गाड्या जोडून पहाटे वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत नेऊन पाहिल्या. एचटीची वरची ओढ, तिच्या एका बाजूपुरती का होईना, खरी आहे. आरपीएम चढत गेला की ती जी पुढे फेकते तशी एलटी फेकत नाही. ज्याला त्यासाठीच गाडी हवी त्याने जुळ्या ब्लॉकांची एचटी शोधावी आणि तिला पैसे द्यावेत, त्यात आमचं दुमत नाही. पण शहरात, सिमेंट रस्त्यावर, सिग्नलला सिग्नल जोडून चालताना एलटी शांतपणे खालच्या आरपीएमवर चालते आणि प्लग कमी भरतात. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर गेलेल्या नागपुरात, झाशी राणी चौकातल्या गर्दीत हवेवर थंड होणारं इंजिन उभं राहतं तेव्हा कमी ताणलेलं इंजिन बरं.

हिशेब मांडला तेव्हा फार वेळ लागला नाही. एचटीला दुसरी क्रँक, दोन्ही सील, दोन्ही ब्लॉकांना लायनर, एक जोडीचा एचटी ब्लॉक, ऑइल पंपाचा पूर्ण संच आणि कागद. एलटीला एक पायरी बोअर, पिस्टन-रिंगा, गॅस्केट, आणि सील दोन्ही, कारण इंजिन हातात आहे तर जुनी सीलं ठेवू नयेत. आम्ही धरमपेठेतली एलटी घेतली. एचटीच्या काकांना चारही कागद दाखवले आणि डावा ब्लॉक खरा एचटीचा असल्याचंही सांगितलं. जोडीच्या शोधात असलेल्या माणसाला त्याची वेगळी किंमत आहे.

बोअर करायला देताना पिस्टन हातात देऊनच द्यावा. पिस्टन तळापासून १० मिमी वर, पिनच्या काटकोनात मोजतात, आणि प्रत्येक ब्लॉक त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाने कापतात. जपानी पिस्टनला ०.०४ ते ०.०५ मिमी जागा. देशी पिस्टन जास्त फुगतो म्हणून त्याला आम्ही ०.०६ देतो. घरी आल्यावर पोर्टच्या सगळ्या कडा बारीक कागदाने मोडल्या, नाहीतर बोअरिंगनंतर त्या ब्लेडसारख्या राहतात. रिंगचं तोंड ब्लॉकमध्ये घालून फिलर गेजने पाहिलं: ०.२ ते ०.४ मिमी. रीडच्या पात्या उजेडासमोर धरल्या; कडेला ०.३ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर पाती बदलायची. त्या ठीक होत्या.

राहिलं जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरने पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणं, आणि नागपुरात ते ऋतूशी बांधलेलं आहे. मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंश आणि थंडीतल्या पहाटे १० अंश, एवढ्या फरकाने हवा जवळपास १२ टक्के दाट होते. कार्ब्युरेटर त्या प्रमाणात पेट्रोल वाढवत नाही, म्हणून उन्हाळ्यात जुळवलेली गाडी थंडीत पातळ चालते. इथे गाड्या सीज होतात त्या बऱ्याचदा हिवाळ्यातल्या पहाटेच्या राइडला, आणि दोष ऑइलला दिला जातो. त्यात आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. निव्वळ पेट्रोलच्या मानाने त्याला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे जुन्या मापाचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) आपोआपच लहान ठरतो. आम्ही मेन जेट एक नंबर मोठा घातला, फ्लोटची सुई, नळाचे वॉशर आणि पेट्रोलची नळी बदलली, आणि गाडी उभी ठेवायची तर टाकी रिकामी करण्याचा नियम घालून घेतला. इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

पहिले ५०० किमी ४,००० आरपीएमच्या आत, पहिल्या टाकीत पंपाखेरीज लिटरला २० मिली टूटी ऑइल जास्तीचं. दर शंभर किलोमीटरला हेडचे नट थंड इंजिनावर टॉर्क पान्याने तपासले. ५०० नंतर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करून प्लग काढले. डावा विटकरी, उजवा त्याहून किंचित गडद. जानेवारीच्या पहाटे हा रंग मिळाला, म्हणजे मे महिन्यात दोन्ही काळवंडतील. त्या वेळी कार्ब्युरेटरमधल्या जेटच्या सुईची क्लिप एक खाच वर घ्यायची, आणि नोव्हेंबर संपायच्या आत परत खाली.